सहा तासांचे औषध

किरणोत्सारी औषधाचे दोन भाग असतात. पहिला भाग किरणोत्सारी अणूचा. तो गॅमा किरण सोडत राहतो आणि त्या किरणांवरून तो शरीरात नेमका कुठे आहे हे बाहेरच्या कॅमेऱ्याला कळते. दुसरा भाग वाहक रेणूचा. तो त्या अणूला हाडात, हृदयाच्या स्नायूत, मूत्रपिंडात किंवा फुप्फुसात, जिथे हवा तिथे नेऊन पोहोचवतो. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये किरण बाहेरून शरीरात शिरतात, तर अशा औषधाने केलेल्या अणुवैद्यकाच्या तपासणीत ते शरीरातून बाहेर येतात. म्हणून सीटीत अवयवाची रचना दिसते आणि या तपासणीत अवयवाचे काम दिसते. हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडते, डावे मूत्रपिंड उजव्याच्या तुलनेत किती काम करते, कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे का, या प्रश्नांची उत्तरे अशा स्कॅनमधून मिळतात.

हे औषध केमिस्टच्या दुकानात मिळत नाही आणि महिनोन्‌महिने फडताळात ठेवता येत नाही. ते सकाळी तयार होते आणि संध्याकाळपर्यंत त्याचा जोर ओसरतो. ते तयार करणारा, तपासणारा आणि योग्य मात्रेत रुग्णापर्यंत पोहोचवणारा तज्ज्ञ म्हणजे रेडिओफार्मासिस्ट. अमेरिकेत त्याला न्यूक्लिअर फार्मासिस्ट म्हणतात. तो जिथे काम करतो ती जागा ‘हॉट लॅब’ या नावाने ओळखली जाते. स्कॅनची वेळ घेताना रुग्णाची गाठ डॉक्टरांशी पडते आणि स्कॅनच्या वेळी तंत्रज्ञाशी. रेडिओफार्मासिस्ट त्याला बहुधा दिसतही नाही. पण स्कॅनचे चित्र खरे येणार की फसवे, हे बरेचसे त्याच्या हातात असते.

टेक्नेशियमची निवड

जगभरातल्या अणुवैद्यकीय तपासण्यांपैकी सुमारे ८० टक्के तपासण्यांत टेक्नेशियम-९९एम हा एकच समस्थानिक वापरला जातो. टेक्नेशियम हे प्रयोगशाळेत प्रथम तयार झालेले मूलद्रव्य आहे. १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते मोलिब्डेनमच्या एका पत्र्यात सापडले. तो पत्रा कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून, पोस्टाने आला होता. ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवण्यात आले.

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे आहे. म्हणजे दर सहा तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्म्यावर येते. औषध तयार करून, टोचून, चित्र काढायला हा वेळ पुरतो आणि रुग्णाच्या अंगात ते फार काळ रेंगाळतही नाही. त्याचे गॅमा किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे असतात. शरीराबाहेर पडण्याइतके ते जोरकस आहेत आणि कॅमेऱ्याने नीट टिपण्याइतके सौम्यही. हाडांच्या स्कॅनसाठी प्रौढ रुग्णाला साधारण २० मिलिक्युरी, म्हणजे ७४० मेगाबेक्वेरेल, इतकी मात्रा देतात. तेवढ्या टेक्नेशियम-९९एमचे वजन सुमारे चार नॅनोग्रॅम भरते, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट. इतक्या सूक्ष्म प्रमाणामुळे शरीराच्या कामात ते ढवळाढवळ करत नाही. फक्त खूण दाखवते.

शाखा कशी उभी राहिली

शरीरात किरणोत्सारी खूण सोडून तिचा माग काढण्याची कल्पना जॉर्ज द हेवेशी यांची. त्यासाठी त्यांना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टेक्नेशियम रुग्णालयात रोज मिळू शकेल असे जनित्र अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्याच सुमारास हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला. औषध आणि कॅमेरा एकाच काळात हाती आल्याने या शाखेने वेग घेतला.

औषधनिर्माणशास्त्राने या कामाला स्वतंत्र ओळख दिली ती अमेरिकेत. विल्यम ब्रायनर यांनी १९५८ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रेडिओफार्मसी उभी केली. १९७८ मध्ये न्यूक्लिअर फार्मसीला औषधनिर्माणशास्त्रातील विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. त्या देशात अशी मान्यता मिळालेली ही पहिलीच शाखा. तिथे हे काम करण्यासाठी फार्मसीच्या पदवीखेरीज किरणभौतिकी, किरणरसायन, किरणसुरक्षा आणि प्रत्यक्ष सराव मिळून ७०० तासांचे प्रशिक्षण हा एक अधिकृत मार्ग आहे.

भारतात या वाटचालीचे केंद्र मुंबई राहिले. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला उभे राहिले आणि देशातील अणुवैद्यकाच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या. १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था नवी मुंबईतील वाशीहून देशभरातील रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे, जनित्रे आणि औषध जोडण्याच्या कुप्या, म्हणजे कोल्ड किट, पुरवते. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉनही २००२ मध्ये परळच्या याच केंद्रात सुरू झाला.

सकाळची धार

टेक्नेशियम-९९एम दुरून आणून साठवता येत नाही, कारण वाटेतच ते संपू लागते. म्हणून रुग्णालय त्याचा जनक आणते. तो म्हणजे मोलिब्डेनम-९९. त्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे आहे. जनित्रात, शिशाच्या जाड कवचाआड, ॲल्युमिनाच्या भुकटीने भरलेली एक नळी असते आणि मोलिब्डेनम त्या भुकटीला घट्ट चिकटलेले असते. त्याचा ऱ्हास होत जाईल तसे नळीत टेक्नेशियम साठत जाते. टेक्नेशियम मात्र भुकटीला तितके घट्ट धरून राहत नाही. नळीतून मिठाचे ०.९ टक्क्यांचे निर्जंतुक द्रावण ओढले की टेक्नेशियम त्याबरोबर कुपीत उतरते आणि मोलिब्डेनम मागे राहते.

या कामाला जगभरच्या हॉट लॅबमध्ये ‘मिल्किंग’, म्हणजे धार काढणे, म्हणतात आणि जनित्राला गाय. उपमा चपखल आहे. एकदा धार काढली की साधारण २३ तासांनी गाय पुन्हा पूर्ण भरते, म्हणून रोज सकाळी एकदा धार काढण्याचा रिवाज पडला. तातडीचा रुग्ण आला तर सहा तासांनी पुन्हा काढता येते आणि तेव्हाही निम्म्याहून अधिक माल मिळतो. पण गाय दिवसेंदिवस आटत जाते. सोमवारी १०० मानले तर शुक्रवारी त्याच वेळी मोलिब्डेनम जेमतेम ३६ उरलेले असते. हाडांचे स्कॅन कोणत्या दिवशी, हृदयाचे कोणत्या दिवशी आणि किती रुग्णांना बोलवायचे, याचा आठवड्याचा हिशेब या उतरत्या आकड्यावर बसवावा लागतो.

सुट्टीनंतरची पहिली धार वेगळी जपावी लागते. दोन-तीन दिवस धार काढली नाही तर टेक्नेशियम-९९एमचा ऱ्हास होऊन बनलेले टेक्नेशियम-९९ नळीत साठते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी असते, पण रासायनिकदृष्ट्या तंतोतंत तसेच. ते किटमधली रसायने खाऊन टाकते आणि खऱ्या टेक्नेशियमला पुरेशी उरत नाहीत. पांढऱ्या रक्तपेशींना खूण लावण्यासारख्या नाजूक कामांना म्हणूनच ताजी धार लागते.

कुपी हातात आली की आधी तपासणी

धारेत मोलिब्डेनम उतरले असेल तर रुग्णाला विनाकारण जादा किरणमात्रा मिळते आणि चित्रही धूसर होते. त्याची परीक्षा साधी आणि हुशारीची आहे. कुपी शिशाच्या एका ठरावीक जाडीच्या डब्यात ठेवून मोजतात. टेक्नेशियमचे किरण त्या शिशात अडतात, मोलिब्डेनमचे अधिक ऊर्जेचे किरण आरपार जातात. जे मोजले जाते ते मोलिब्डेनम. अमेरिकी औषधसंहितेनुसार दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे मोलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ही मर्यादा रुग्णाला टोचण्याच्या क्षणी पाळली गेली पाहिजे. टेक्नेशियम भराभर घटते आणि मोलिब्डेनम हळू, त्यामुळे त्यांचे प्रमाण दर तासाला बिघडत जाते. सकाळी काठावर उत्तीर्ण झालेली कुपी दुपारी नापास ठरू शकते.

दुसरी चाचणी ॲल्युमिनियमची. नळीतली भुकटी विरघळून आली असेल तर चाचणी-कागदावर थेंब टाकताच रंग उमटतो. दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा. ॲल्युमिनियम जास्त झाले तर काही औषधांचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि यकृतासाठी दिलेले औषध फुप्फुसात अडकून बसते.

या चाचण्या चुकल्या तर काय होते, हे २०११ मध्ये अमेरिकेत दिसले. हृदयाच्या तपासणीसाठी रुबिडियम-८२ देणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या जनित्रातून स्ट्राँशियम गळाले. रुबिडियमचे अर्धायुष्य ७५ सेकंदांचे, तर स्ट्राँशियम-८२ चे २५ दिवसांचे. तपासणी होऊन महिने उलटल्यावर देशाच्या सीमेवरच्या किरणशोधक यंत्रांनी दोन प्रवाशांच्या अंगातली किरणोत्सारिता टिपली, तेव्हा गळती उघड झाली आणि ती जनित्रे बाजारातून परत घ्यावी लागली.

किट आणि हवेशी वैर

धारेतून मिळालेले टेक्नेशियम कोणत्याही वाहक रेणूला सहजासहजी जोडले जात नाही. त्याला आधी रासायनिकदृष्ट्या क्रियाशील करावे लागते. त्यासाठी कोल्ड किट नावाच्या कुपीत वाहक रेणूबरोबर स्टॅनस क्लोराइड हे कथिलाचे संयुग आधीच गोठवून-सुकवून भरलेले असते. किरणोत्सारिता नसते म्हणून ते ‘कोल्ड’. कुपीत टेक्नेशियम सोडले की जोडणी होते.

वाचताना हे सोपे वाटते. पण कथिलाचे हे संयुग हवेतल्या प्राणवायूने वाया जाते, म्हणून कुपीत हवेऐवजी नायट्रोजन असतो. सुई टोचताना सवयीने हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी औषध बिघडू शकते. प्रत्येक किटची रीतही निराळी. हाडांचे एमडीपी खोलीच्या तापमानाला हलवले की काही मिनिटांत तयार होते. हृदयाचे सेस्टामिबी शिशाच्या आडोशासह उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे लागते. फुप्फुसांसाठी एमएए नावाचे अल्ब्युमिन प्रथिनाचे कण वापरतात. त्यातले बहुसंख्य कण १० ते ९० मायक्रॉनचे असतात आणि १५० मायक्रॉनपेक्षा मोठा एकही कण चालत नाही. हे कण फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांत काही काळ अडकतात, म्हणून ते टोचायचे किती, हे मोजूनच ठरते. प्रौढाला साधारण २ लाख ते ७ लाख. लहान मुलांना आणि फुप्फुसातील रक्तदाब वाढलेल्या रुग्णांना त्याहून कमी. हे कण कुपीच्या तळाशी बसतात. सिरिंज भरण्यापूर्वी कुपी हलकेच उलटसुलट केली नाही तर एका रुग्णाला पाणी जाते आणि दुसऱ्याला कणांचा गाळ.

दोन पट्ट्यांचा न्याय

औषध तयार झाले, पण जोडणी खरोखर झाली का? त्यासाठी कागदाच्या दोन बारीक पट्ट्यांवर औषधाचा एकेक थेंब ठेवतात. एका पट्टीचे टोक ॲसिटोनमध्ये बुडवतात, दुसरीचे मिठाच्या पाण्यात. द्रव पट्टीवर चढतो. हाडांच्या औषधात, वाहकाशी न जोडलेले मोकळे टेक्नेशियम ॲसिटोनबरोबर वरच्या टोकापर्यंत धावते, जोडलेले तळाशीच थांबते. मिठाच्या पाण्यात जोडलेले औषध वर जाते आणि बिघडून कणरूप झालेला भाग तळाशी राहतो. पट्ट्या कापून तुकड्यांची किरणोत्सारिता मोजली की किती टक्के औषध खरे, किती मोकळे आणि किती बिघडलेले ते कळते. बहुतेक औषधांसाठी किमान ९० टक्के शुद्धता लागते.

हे मोजमाप टाळले तर चित्र खोटे बोलते. मोकळे टेक्नेशियम थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात जमते, बिघडलेला भाग यकृतात. हाडांच्या स्कॅनमध्ये जठर चमकताना दिसले तर डॉक्टर बुचकळ्यात पडतात. रुग्णाला पुन्हा टोचून घ्यावे लागते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे निदान होते. काही मिनिटांची ही चाचणी म्हणूनच रेडिओफार्मासिस्टची सर्वांत मोठी जबाबदारी मानली पाहिजे.

घड्याळाशी गणित

साध्या गोळीचे ५०० मिलिग्रॅम सकाळी आणि रात्री ५०० च असतात. इथे मात्रेला वेळ जोडलेली असते. दुपारी दोनला रुग्णाला २० मिलिक्युरी हवे असतील, तर सकाळी आठला सिरिंजमध्ये ४० भरावे लागतात. रुग्ण तीन तास उशिरा आला तर उरलेले सुमारे १४, आणि सिरिंज पुन्हा हिशेबून भरावी लागते. प्रत्येक सिरिंज डोस कॅलिब्रेटर नावाच्या यंत्रात मोजली जाते. हे यंत्र बरोबर मोजते आहे ना, हे रोज सकाळी सीझियम-१३७ सारख्या दीर्घायुषी स्रोतावर पडताळून पाहतात. सिरिंजच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, ती कोणत्या वेळेची आणि कोणत्या वेळेपर्यंत वापरायची, हे सगळे लिहावे लागते. मुलांची मात्रा वजनावरून ठरते.

पॉझिट्रॉन सोडणाऱ्या अणूंवर चालणाऱ्या पेट स्कॅनच्या औषधांना तर आणखी घाई. एफडीजी या साखरेसारख्या औषधातील फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे, गॅलियम-६८ चे ६८ मिनिटांचे. एफडीजी सायक्लोट्रॉन केंद्रात तयार होऊन गाडीने रुग्णालयात येते. वाहतुकीच्या कोंडीत पावणेदोन-दोन तास गेले की निम्मे औषध रस्त्यातच संपते.

रक्ताला हात लावताना

हे औषध शिरेत टोचले जाते, म्हणून ते निर्जंतुक असलेच पाहिजे. पण जंतूंच्या वाढीची पूर्ण चाचणी व्हायला दिवस लागतात आणि औषध त्याआधीच संपलेले असते. म्हणजे निकाल हाती येण्यापूर्वीच औषध द्यावे लागते. सारा भरवसा कामाच्या शिस्तीवर: गाळलेल्या हवेचे लॅमिनार फ्लो कपाट, नवी सुई, नवी सिरिंज, पुसलेले झाकण.

काही तपासण्यांत रुग्णाचे स्वतःचेच रक्त काढून, त्यातल्या पांढऱ्या पेशींना खूण लावून परत टोचतात. तिथे धोका सर्वांत मोठा. २००४ मध्ये अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात हृदयाच्या स्कॅनसाठी सेस्टामिबी टोचलेल्या १६ रुग्णांना हिपॅटायटिस सी झाला. ते वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले होते, पण औषध एकाच फार्मसीतून आले होते. हिपॅटायटिस सी असलेल्या एका रुग्णाचे रक्त त्याच फार्मसीत थोड्याच वेळापूर्वी हाताळले गेले होते, हे तपासात निघाले. रक्ताचे काम आणि इतर औषधांचे काम पूर्णपणे वेगळे ठेवायचे, हा नियम किती मोलाचा आहे हे या घटनेने दाखवून दिले.

स्वतःचे रक्षण

रुग्णाला वर्षा-दोन वर्षांतून एखादी मात्रा मिळते. रेडिओफार्मासिस्ट मात्र रोज डझनभर मात्रा हाताळतो. त्याची सूत्रे तीन: वेळ कमी, अंतर जास्त, आडोसा भक्कम. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून कुपी बोटांनी न धरता चिमट्याने धरतात. टेक्नेशियमच्या किरणांना निम्म्यावर आणायला अर्ध्या मिलिमीटरहून कमी शिसे पुरते, फ्लोरिनच्या किरणांना चार मिलिमीटरच्या आसपास लागते. छातीवर किरणमात्रा मोजणारा टीएलडी बॅज आणि बोटात मापक अंगठी असते. भारतात अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, ही मर्यादा आहे.

औषधांची आपापसातली गाठ

रेडिओफार्मासिस्टचे ज्ञान हॉट लॅबच्या दारापाशी संपत नाही. रुग्ण घेत असलेली औषधे स्कॅन बदलू शकतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे पेट स्कॅनमध्ये आतडी चमकतात आणि तिथली गाठ झाकली जाऊ शकते. रक्तातली साखर वाढलेली असेल तर एफडीजी गाठीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. औषध देऊन केलेल्या हृदयाच्या स्ट्रेस तपासणीआधी चहा-कॉफी घेतली तर त्या औषधाचा परिणाम कमी होतो. सीटीसाठी आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट नुकतेच दिले असेल तर थायरॉइडचा आयोडीन स्कॅन आठवडे पुढे ढकलावा लागतो. स्तनपान किती काळ थांबवायचे, हेही औषधागणिक बदलते. आयोडीन-१३१ दिल्यावर त्या बाळापुरते ते कायमचेच थांबवावे लागते.

पुरवठा आटतो तेव्हा या ज्ञानाची कसोटी लागते. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली. जगाच्या मोलिब्डेनमचा साधारण तिसरा हिस्सा तिथून येत असे आणि ती ऑगस्ट २०१० मध्येच पुन्हा सुरू झाली. त्या काळात रेडिओफार्मासिस्टनी धारेच्या वेळा बदलल्या, रुग्णांना गटाने बोलावले, हृदयासाठी थॅलियम-२०१ आणि हाडांसाठी फ्लोरिन-१८ कडे वळून तातडीच्या तपासण्या चालू ठेवल्या.

भारतात अनेक रुग्णालयांत हे सगळे काम अणुवैद्यक तंत्रज्ञच इतर कामांबरोबर सांभाळतात आणि निष्ठेने सांभाळतात. पण पेट केंद्रे वाढत आहेत आणि ल्युटेशियम-१७७ सारखी उपचाराची किरणोत्सारी औषधेही रुळली आहेत. अशा वेळी केवळ या कामासाठी शिकलेला औषधनिर्माता प्रत्येक मोठ्या विभागात असणे ही गरज आहे, चैन नव्हे. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी या वाटेकडे आवर्जून पाहावे. स्कॅनला जाणाऱ्याने आपण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. गर्भधारणेची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर न विचारताच सांगावे.

दिवस संपला की वापरलेल्या कुप्या, सुया आणि सिरिंज तारीख लिहून शिशाच्या पेटीत ठेवतात. दहा अर्धायुष्ये, म्हणजे ६० तास उलटले की टेक्नेशियमची किरणोत्सारिता मूळच्या हजाराव्या भागाखाली येते. मग मापकाने पुन्हा तपासतात, किरणांची खूण असलेली चिठ्ठी काढून टाकतात, आणि ती कुपी रुग्णालयाच्या इतर जैववैद्यकीय कचऱ्याबरोबर जाते.